हृदयाचं हार्मोन चिकटतं कुठे?

प्रश्न : वडिलांना हार्ट फेल्युअर आहे. डॉक्टर म्हणाले, हृदय स्वतःच बीपी उतरवणारं पेप्टाइड, म्हणजे छोटंसं प्रथिन, रक्तात सोडतं. ते काम करतं कुठे? आणि रक्ताच्या तपासणीत बीएनपीऐवजी दर वेळी एनटी-प्रोबीएनपीच का लिहून देतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुख्यतः किडनी, ॲड्रिनल ग्रंथी आणि रक्तवाहिन्या. १९८१ साली कॅनडात किंग्स्टनला आदोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या अलिंदांचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांतच लघवी आणि तिच्यातलं मीठ भरमसाट वाढलं, रक्तदाब उतरला. अर्कातलं ते पेप्टाइड म्हणजे एएनपी. बीएनपी त्याचंच भावंड.

शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मी मुलांना एक्स-रेसारखी फिल्मच दाखवायचे. गोठवलेल्या किडनीचे पातळ काप घ्यायचे, त्यांवर किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं एएनपी घालायचं, धुवायचे आणि अंधारात फिल्मला लावून ठेवायचे. फिल्म धुतली की किडनीच्या बाहेरच्या थरात काळ्या ठिपक्यांची रांगोळी! एकेक ठिपका म्हणजे रक्त गाळणारा ग्लोमेरुलस. शेजारच्या कापावर साधं एएनपी भरपूर घातलं की ठिपके गायब, कारण जागा त्यानेच अडवलेल्या. ॲड्रिनलची बाहेरची कड तेवढी काळी येते. मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन तिथेच बनतं आणि एएनपी त्यालाच लगाम घालतं.

पोरं फसायची ती पुढे. काळा ठिपका दिसला की तिथे काम चालू, असं धरून चालायची. पेप्टाइड पेशीवर जिथे चिकटतं ती जागा म्हणजे रिसेप्टर. ए प्रकारचा रिसेप्टर पेशीत सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू बनवतो. लघवी वाढणं, वाहिन्या सैलावणं ही त्याची करामत. सी प्रकारचा मात्र पेप्टाइडला धरून आत ओढतो आणि त्याची विल्हेवाट लावतो. किडनीतल्या बहुतेक जागा या सीच्याच निघाल्या!

आता रिपोर्ट. हृदयात बनलेल्या मूळ प्रथिनाचे दोन तुकडे पडतात. बीएनपी रिसेप्टरला चिकटतं. एनटी-प्रोबीएनपी चिकटत नाही, म्हणून रक्तात जास्त वेळ टिकतं. वडिलांना सॅक्युबिट्रिल असलेली गोळी चालू असेल, तर बीएनपी मोडणारं नेप्रिलायसिन अडतं आणि बीएनपीचा आकडा निव्वळ औषधानेही चढू शकतो. दुसऱ्या तुकड्याला नेप्रिलायसिन हात लावत नाही. किडनी मंदावली असेल तर मात्र तोही वाढलेला दिसतो, तेव्हा डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.