पासवर्डनंतर मशीन थिजतं: फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

चोपड्याच्या जिनिंग (कापसातून सरकी काढायच्या) ऑफिसातल्या कॉम्प्युटरबद्दल विचारलंय: विंडोज १०, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. पासवर्ड टाकला की डेस्कटॉप दिसतो आणि सगळं थिजतं. माऊसचा बाण फिरतो, क्लिक लागत नाही. कधी दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुटतं, कधी बटण दाबून बंद करावं लागतं. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा.

भाऊ, फॉरमॅट थांबवा. अर्धं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. बाण फिरतोय, उशिरा का होईना मशीन सुटतंय, म्हणजे ते कशाची तरी वाट बघतंय. अडकलेलं असताना कॅप्स लॉक दाबून कीबोर्डवरचा दिवा बघा. दिवा लागतो-विझतो, तर वाट बघण्याचंच प्रकरण. दिवाही हलेना आणि बाणही थांबला, तर रॅम, ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) तपासावा लागेल.

पहिली परीक्षा फुकटची. मशीन बंद करून लॅनची (नेटवर्कची) वायर काढा. प्रिंटर, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन, पेनड्राइव्ह, सगळं उपसा. कीबोर्ड-माऊस तेवढे ठेवा. आता लॉगिन पटकन झालं तर एकेक वस्तू परत जोडत जा, चोर सापडतो. लॅनची वायर लावल्यावरच अडकत असेल, तर टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा दुसऱ्या मशीनवरून 'झेड ड्राइव्ह' म्हणून जोडलेला आहे का बघा. ते मशीन बंद असलं की लॉगिनच्या वेळी विंडोज त्याला हाका मारत बसतं. डेटावालं मशीन आधी चालू करायचं, किंवा तो ड्राइव्ह डिस्कनेक्ट करून नुसता शॉर्टकट ठेवायचा.

वायर काढूनही तेच? मग माझा संशय डिस्कवर. डेस्कटॉप दिसताच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात डिस्क. अॅक्टिव्ह टाइम १०० टक्के आहे हे बघून निष्कर्ष काढू नका. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज १० असलं की लॉगिननंतर थोडा वेळ ते तसंच असतं. बघायचं ते त्याखालचं. वाचन-लेखनाचा वेग जवळजवळ शून्य आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद, तर डिस्क एकच खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. वेग बऱ्यापैकी आणि मेमरी ९० टक्क्यांच्या वर, तर रॅम अपुरी पडून डिस्कवर बोजा येतोय. तेव्हा रॅमचा प्रकार डीडीआर३ की डीडीआर४ ते बघून अजून ४ जीबीची पट्टी टाका.

खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. ०५, सी५, सी६ या खराब सेक्टरच्या ओळींचे रॉ आकडे शून्य हवेत. सी५ वाढत असेल तर डिस्क जायला लागलीय. सी७ (केबलमधल्या चुकांचा आकडा) एकटाच वाढत असेल तर डिस्क ठीक असू शकते, डिस्कची साटा केबल बदला. जिनिंगच्या ऑफिसात कापसाचा फुफाटा कॅबिनेटमध्ये जातोच, त्यामुळे उघडलंय तर ब्लोअरही मारा. मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मे महिन्यात दुपारी थिजत असेल तर उष्णतेला दोष द्या. सकाळी गार मशीनच अडकत असेल तर नाही.

आकडे वाईट निघाले तर आधी टॅलीचा डेटा आणि जीएसटीच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) लगेच चालवू नका. खराब सेक्टर शोधायला ते अख्खी डिस्क घासतं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. फॉरमॅटचा धोकाही हाच: विंडोज नव्या जागी लिहिलं जातं, महिनाभर बरं चालतं, मग पहिले पाढे पंचावन्न, आणि डेटा गेलेला. डेटा काढला की २५६ जीबीची साटा एसएसडी (चकती नसलेली वेगवान डिस्क) बसवा, विंडोज त्यावर टाका.

आकडे चांगले असतील तर लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबा. सेफ मोडमध्ये (तिथे विंडोज गरजेपुरत्या ड्रायव्हरवरच चालतं) नीट चाललं तर स्टार्टअपचं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक आधी काढा. दुकानदाराने टाकलेला फुकटचा आणि तुम्ही विकत घेतलेला, हे दोघे एकमेकांच्या फाइली तपासत बसतात. मग एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या सर्चमध्ये msconfig टाइप करा) मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवून बाकीच्या बंद करा आणि निम्म्या-निम्म्या परत चालू करत जा. सेफ मोडमध्येही अडकलं तर नवा युजर बनवून त्यातून लॉगिन करून बघा. तो चालला तर तुमचं प्रोफाइल बिघडलंय. फाइली नव्या युजरमध्ये हलवल्या की काम झालं.

आणि शटडाउन करून चालू केल्यावर अडकतं पण रीस्टार्ट केल्यावर नाही, असं दिसलं तर पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. शटडाउनच्या वेळी जपून ठेवलेली ड्रायव्हरची स्थितीच ते सकाळी परत उचलतं, बिघाडासकट. रीस्टार्टमध्ये सगळं कोरं सुरू होतं.