ठरलेल्या भांडणाची बातमी

चि. … हिस,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेच्या संसदेतल्या भांडणांवरचा तुझा मजकूर वाचला. ओघ चांगला आहे. 'केफेब' शब्द वापरलास आणि पुढे 'थोडक्यात, सगळं नाटक' असं लिहून मोकळी झालीस, तिथे मी अडलो. खरं तर तुझं काम तिथून सुरू व्हायला हवं होतं.

केफेब हा अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीवाल्यांच्या आपसातल्या बोलीतला शब्द. टीव्हीवरच्या त्या कुस्त्या लहानपणी तूही पाहिल्या असशील. निकाल आधीच ठरलेला, पण चारचौघांत तसं कबूल करायचं नाही. रिंगमधला वैरी बाहेरही वैरीच राहिला पाहिजे, एका टेबलावर जेवताना दिसता कामा नये. १९८७ साली न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली आणि आत निघाले जिम डगन आणि आयर्न शेक. एक अमेरिकेचा झेंडा नाचवणारा देशभक्त, दुसरा अमेरिकेचं नाव घेऊन थुंकणारा इराणी खलनायक! गाडीत अमली पदार्थ सापडले, त्याची बातमी झालीच. पण धंद्यातल्या लोकांना जास्त झोंबलं ते हे दोघं एका गाडीत होते, हे. त्यांच्या कंपनीने, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफने (आताची डब्ल्यूडब्ल्यूई), दोघांनाही तेव्हा काढून टाकलं.

आणि दोनच वर्षांनी काय झालं बघ. १९८९ मध्ये त्याच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कंपनीने आपणहून सांगितलं की आमची कुस्ती म्हणजे खेळ नव्हे, करमणूक आहे. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आली, वर कर आला. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं गुपित पैशाचा प्रश्न येताच सरकारदरबारी उघड झालं. म्हणून सांगतो, पुढारी भाषणात काय गरजतात ते ऐक, पण त्याआधी सभागृहात मत कुणाला दिलं, प्रतिज्ञापत्रात काय लिहिलं, ते काढ. आणि कोण कुणाच्या गाडीतून आला, तेही.

हा शब्द इंग्रजी राजकीय लेखनात इतका का बोकाळला, ते उघड आहे. २००७ च्या रेसलमेनियात, म्हणजे याच कंपनीच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, ट्रम्प यांनी कंपनीचे तेव्हाचे मालक विन्स मॅकमहन यांचं डोकं भर रिंगमध्ये भादरलं, २०१३ साली ते कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, आणि कंपनीच्या माजी प्रमुख लिंडा मॅकमहन ट्रम्प यांच्या दोन्ही कारकिर्दींत सरकारात आल्या. उपमा शोधायला कुणाला लांब जावंच लागलं नाही.

आपल्याकडचे संपादक अशा वेळी 'नुरा कुस्ती', म्हणजे आपसात ठरवून केलेली कुस्ती, म्हणतात. मीही म्हणत असे. पण तुझ्या मजकुरात ते बसणार नाही. नुरा कुस्तीत प्रेक्षक फसवला जातो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात नुसती खडाखडी लांबायला लागली की लोक आरडाओरडा करतात, कारण त्यांना निकाली कुस्ती हवी असते. केफेबमध्ये आजच्या प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं, तरी तो तिकीट काढतो आणि घसा फाटेपर्यंत ओरडतो. मतदारही असाच वागतो का, हा प्रश्न तुझ्या लेखात कुठेच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. निकाल ठरलेला असला तरी इजा ठरलेली नसते. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरणार होता. तो खाली कोसळला. समोर बसलेल्या अनेकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. टीव्हीवर समालोचक जिम रॉसला परत परत सांगावं लागलं की हे खरं आहे, आणि थोड्या वेळाने त्यालाच मृत्यूची बातमी द्यावी लागली. सभागृहातल्या प्रेक्षकांना ती सांगितलीच नाही. पुढच्या लढती ठरल्याप्रमाणे झाल्या.

आता तुझा मजकूर उघड. २०१८-१९ च्या सरकारबंदीला, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामकाज अडलं त्याला, तू एक ओळ दिली आहेस, तीही शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून दोन्ही बाजूंनी कॅमेऱ्यासमोर शड्डू ठोकले, त्यातलं किती ठरलेलं होतं यावर वाद घालता येईल. पण ३५ दिवस सुमारे आठ लाख सरकारी कर्मचाऱ्यांचा पगार अडकला, हा वादाचा विषय नाही. विमानतळावर सामान तपासणारे बिनपगारी कामावर येत होते. तुझ्या लेखात बाकी सगळे आहेत, हे लोक नाहीत.

तेव्हा 'सगळं नाटक' काढ, सरकारबंदीचा भाग वर घे, आणि त्या वेळी कुणी कुठल्या ठरावावर काय मत दिलं ते संसदेच्या नोंदींतून तपासून टाक. डगन-शेकचा किस्सा हवा तर वापर, पण चौकटीत. मुख्य मजकुरात गर्दी होईल. शुक्रवारी दुपारपर्यंत दे, पुरवणीचं पान संध्याकाळी लागतं.