पिवळ्या सापाची वही

प्रश्न : आम्ही सिंदेवाही तालुक्यातले धान शेतकरी. मुलाला नीटला २१४ मार्क. दुसऱ्या वर्षाच्या क्लाससाठी एक एकर गहाण टाकला. तो मात्र मोबाईलवर परदेशातले रंगीत विषारी साप बघतो. म्हणतो, तसे पाळून विकीन, लाखो मिळतात. रागात त्याची सापांची वही चुलीत टाकली. आता बोलत नाही. तुम्ही जरा धाक दाखवा.

उत्तर : भाऊ, धाक तुम्ही भरपूर दाखवलाय. तुमच्या मूळ लांब पत्रात मार्कांना एक ओळ आणि त्या वहीला अर्धं पान. डोळ्यांवर पापण्यांसारखे खवले असलेला पिवळा साप, बाजूला खवल्यांच्या ओळी मोजून लिहिलेल्या. जाळण्याआधी चांगली निरखून पाहिलीत की!

शेजाऱ्यांनी मण्यार समजून काठी उगारली, तेव्हा 'पट्टे मानेपासूनच ठळक आहेत, पाठीवर मधोमध मोठे षटकोनी खवले नाहीत, हा कवड्या आहे' म्हणत पोरानं तो बिनविषारी साप वाचवला. हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. 'तुझ्यापायी जमीन गहाण पडली' हे जेवताना रोज ऐकून कुणाचं फिजिक्स सुधारलेलं मी पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षासाठी दुसऱ्या एकराला हात लावू नका.

पोराचंही एक चुकतंय. तो पिवळा साप, आयलॅश व्हायपर, मध्य अमेरिकेतल्या जंगलात झाडांवर राहतो. तो पाळणं हा बहुतेकांचा खर्चिक शौक, धंदा नव्हे. चावला तर? आपल्या दवाखान्यातलं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरचं. त्या सापावरचा उतारा बनतो कोस्टा रिकात. सिंदेवाहीहून कसा गाठणार? आणि इथले साप धरून विकायचे म्हटलं, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं थेट गुन्हा.

रस्ते आहेत : झूलॉजीत बी.एस्सी., पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी.साठी प्रयत्न, नाहीतर वनरक्षकाची भरती. पशुवैद्यकीयला नीटच लागते, २१४ वर आशा धरू नका.

तो साप हातानं पकडत असेल, तर ते मात्र आजपासून बंद. त्यावर खुशाल रागवा.

रोवणीच्या दिवसांत घरात कोण कोण खाली जमिनीवर झोपतं? मण्यार रात्री अंथरुणात का शिरते, ते त्यालाच विचारा. बोलायला विषय मिळेल. आणि येत्या बाजाराला दोनशे पानी वही आणा. देताना काही बोलला नाहीत तरी चालेल.