वाचकांचे प्रश्न : स्टॉक इंजिनावर सुपरचार्जर बसवू का?

प्रश्न (खानापूर तालुक्यातून) : मी बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांच्या नावावरची २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट हल्ली मीच चालवतो. १ लाख १० हजार किलोमीटर झालेत, इंजिन कंपनीचंच, कधी उघडलेलं नाही. चोर्ला घाटात पाच माणसं आणि एसी असला की गाडीला दम लागतो. दुबईतला मामेभाऊ जुन्या मिनी कूपर एसचा ईटन एम-४५ सुपरचार्जर स्वस्तात मिळवून देतोय. ब्रॅकेट आणि पुली इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत करून घेईन. इंजिन न उघडता ६ पीएसआय बूस्ट (हवेवर चढवलेला जादा दाब) चालेल का?

उत्तर : ब्रॅकेट उद्यमबागेत होईल, आठवड्यात होईल. बत्तीस वर्षं मी तिथं क्रँक ग्राइंडिंग आणि बोरिंग करतोय. लेथवाला, मिलिंगवाला, बिडाचं ओतकाम करणारा, सगळे हाकेच्या अंतरावर आहेत. तुझ्यासारखा मुलगा कागदावर चित्र घेऊन आला की तिथं कुणी नाही म्हणत नाही. म्हणूनच उत्तर जरा लांबवतो. माझ्या धाकट्यापेक्षाही तू लहान असशील, तेव्हा अरे-तुरे करतो.

आधी मामेभाऊ देतोय त्या वस्तूकडेच बघू. सुपरचार्जर, म्हणजे आमच्या भाषेत ब्लोअर, हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंप. एम-४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घन इंच, साधारण ७४० सीसी हवा पुढं ढकलणारा ब्लोअर. तो ज्या कूपर एसवर होता तिचं इंजिन १६०० सीसीचं. त्याच इंजिनाची साधी कूपरही मिळायची, बिनसुपरचार्जरची. साध्या कूपरचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन हवा किती पट आवळतो तो आकडा, १०.६ आणि एसचा ८.३. बघ, ब्लोअर लावायचा म्हणून कंपनीनं कॉम्प्रेशन किती खाली आणलं. एसच्या बॉनेटवर जे तोंड दिसतं ते ऐटीसाठी नाही, त्याच्याखाली दाबून तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर बसलेला असतो. एवढं सगळं केल्यावर ११५ अश्वशक्तीचे १६३ झाले. तुझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन दहा-अकराच्या घरातलं, इंटरकूलरचा तुझ्या पत्रात उल्लेखही नाही, आणि ब्लोअर मात्र तोच.

आता हिशेब. तुझं इंजिन ११९७ सीसीचं, फोर स्ट्रोक. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एवढी हवा घेतं, म्हणजे एका फेऱ्यात ६०० धर. ब्लोअर क्रँकच्याच वेगानं फिरवलास तर ७४० भागिले ६००, हवा तेवीस टक्के जास्त. पुली लहान करून सव्वापट फिरवलास तर पन्नास टक्क्यांच्या पुढं. तुझे ६ पीएसआय या दोन्हीच्या मधे कुठंतरी येतात. पुलीच्या व्यासात दहा मिलिमीटरचा फरक पडला तर केवढा फरक होतो, हे तूच मांडून बघ. आमच्याकडे पुली अंदाजानं कापणारे पुष्कळ आहेत.

आणि हवा दाबली की तापते. बेळगाव साडेसातशे मीटरवर, इथला हवेचा दाब मुळात ०.९२ बारच्या आसपास. त्यावर ६ पीएसआय, म्हणजे ०.४ बार चढवलेस की दाब जवळजवळ दीडपट होतो. एम-४५ रूट्स जातीचा, आणि या जातीचा ब्लोअर हवा आपल्या पोटात दाबत नाही, नुसती पुढं ढकलतो. दाब पुढं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांत, तयार होतो आणि त्यात उष्णता जास्त होते. बाहेर ३० अंश असताना इंटरकूलरशिवाय आत जाणारी हवा ८० अंशांच्या पुढं जाते. (हा ब्लोअर मोटारीसाठी जन्मलेलाच नाही. अमेरिकेत रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडीच नव्हती. भट्टीला वारा द्यायला तो कामाला आला. बीड वितळवायच्या जुन्या कुपोला भट्टीजवळ जो उभा राहिलाय त्याला त्या वाऱ्याचा जोर वेगळा सांगायला नको.)

ती तापलेली हवा तुझा पिस्टन आणखी दहापटीनं आवळणार. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ ऑक्टेनचं होतं. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल आपोआप भडकायला उशीर करतं. ठिणगी पडल्यावर ज्वाळा एका बाजूनं शांतपणे पुढं सरकायला हवी. त्याऐवजी दुसऱ्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा दाब येतो. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. ९५ ऑक्टेन टाकून थोडी उसंत मिळते, पण दहा-अकराच्या कॉम्प्रेशनला ती पुरत नाही. नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागं घेईल, पण किती घेणार? आणि गाडीचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) बाहेरच्या हवेच्या दाबाएवढंच मोजण्यासाठी दिलेला असतो. त्याच्यावरचा दाब त्याला दिसत नाही. हवा वाढली हे कॉम्प्युटरला कळलं नाही तर तो पेट्रोल वाढवणार नाही. बूस्टखाली एक भाग पेट्रोलला साधारण १२ भाग हवा पाहिजे. तिथं १४-१५ भाग झाली की पिस्टनचा माथा वितळायला वेळ लागत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. गाडी वेगळी होती, हट्ट हाच. पुली मी स्वतः कापून दिली. बाकीची जोडणी त्यानं दुसरीकडे करून घेतली, मी विचारलंही नाही. तीन महिने गाडी अशी पळाली की तो दर रविवारी दाखवायला यायचा. मग गोव्याहून परत येताना, घाटात, तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबलेली, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि मागं निळा धूर. रात्रीचे साडेदहा, फोनला रेंज नाही, गाडीत त्याची आई. जांबोटीकडे जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं त्यांना आणलं. दुसऱ्या दिवशी हेड काढलं तेव्हा माझ्या फिटरनं तीन नंबरचा पिस्टन वर करून दाखवला : "मालक, दुसऱ्या रिंगची कड खल्लास झालीय बघा." कडेचे तुकडे बोअरला घासत फिरलेले. बोअर ०.५० मिलिमीटर मोठा केला, चारही पिस्टन नवे घातले, मजुरी घेतली नाही. घेववलीच नाही. त्या माऊली मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते मला अजून लागतं. तेव्हापासून न उघडलेल्या इंजिनासाठी मी पुली कापत नाही.

नीट करायचं तर काय लागतं तेही सांगतो. कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, मोठे इंजेक्टर, जास्त देणारा पंप, २-३ बार वाचणारा मॅप सेन्सर, इंटरकूलर, थंड जातीचे प्लग आणि डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) बसून केलेलं ट्यूनिंग. मग क्लच घसरायला लागतो, मग ब्रेक कमी पडतात. याचा आकडा मांडलास तर तुझ्या स्विफ्टच्या आजच्या किमतीच्या पुढं जाईल.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि १८२-अ बघ. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे मालकाला लागतं, आणि मालक तुझे वडील आहेत. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढं करू शकते.

आता घाटाचं बघू. आधी कॉम्प्रेशन टेस्ट कर. चारही सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर दम का लागतो ते तिथंच कळेल. एअर फिल्टर, प्लग, इंजेक्टरची सफाई, पेट्रोलचा दाब आणि क्लच तपासून घे. लाखाच्या वर गेलेल्या गाडीला हे केलं की हरवलेली ताकद बरीच परत येते. या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ४००० आरपीएमला सगळ्यात जास्त असतो. गोव्याच्या बाजूनं, केरीकडून वर चढताना तिसऱ्यात ओढत बसू नकोस. दुसऱ्यात ३५०० ते ४००० वर ठेव, अवघड वळणांपुरता एसी बंद कर.

ब्लोअर मात्र मागव. खरंच मागव. स्क्रॅपमधून त्याच जातीचं एखादं इंजिन घे, लोखंडी स्टँडवर बांध, मोकळ्या जागेत, जवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवून. थर्मामीटर लाव, ब्लोअरच्या आधी आणि नंतर तापमान मोज, मी वर दिलेले आकडे खरे निघतात का बघ. तुझ्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यापेक्षा चांगला कुठला असणार? फुटलं तर फुटू दे, उघडून का फुटलं ते बघू. त्या इंजिनाची पुली मी कापून देईन, पैसे नकोत. मासिकाच्या पत्त्यावर कळव.

प्रश्न (निपाणीहून) : ऑनलाइन ४,००० रुपयांना इलेक्ट्रिक सुपरचार्जर मागवला आहे. एअर फिल्टरच्या पाइपात बसतो, बारा व्होल्टवर चालतो. उपयोग होईल का?

उत्तर : नाही. वरच्याच १२०० सीसी इंजिनाचं उदाहरण घ्या. ६००० आरपीएमला ते मिनिटाला तीन हजार लिटरपेक्षा जास्त हवा ओढतं. त्या हवेवर ६ पीएसआय दाब चढवायला सुमारे चार किलोवॅट लागतात. बारा व्होल्टवर हे झाले तीनशेच्या वर अँपिअर, आणि लहान गाडीचा आल्टरनेटर सत्तर-नव्वद अँपिअरचा. तुमच्या त्या पंख्याची वायर किती जाड आहे ते बघा, उत्तर तिथंच आहे. उलट जोरात दाबल्यावर त्याची पाती हवेच्या वाटेत आडवी येतात, आणि एखादं पातं तुटलं तर थ्रॉटलमध्ये जातं. परत करायची मुदत असेल तर आजच परत करा.