सममिती शिकायची तर आधी कागद काप

बाळा, सममिती म्हणजे आरशातली डावी-उजवी बाजू, एवढ्यावर थांबू नकोस. कागदाचा चौरस काप, कोपऱ्यांवर क, ख, ग, घ लिही आणि तो त्याच चौकटीत पुन्हा बसेल असा फिरव, पालथा कर. नेमके 8 प्रकार निघतात. जागचं न हलणं त्यातलंच एक. आता कुठलेही दोन एकापाठोपाठ कर. उत्तर त्या आठांतच सापडेल, पण क्रम उलटा केलास तर पुष्कळदा वेगळं येईल! गटसिद्धान्ताचं, म्हणजे अशा हालचालींच्या गणिताचं, दार इथेच उघडतं. हे हातानंच कर, नुसते व्हिडिओ पाहून जमत नाही.

मग दीक्षाभूमीला जा. स्तूपाला चारी दिशांना दारं आहेत. पाव फेरीनंतर काय बदललं ते बघ. अशोकचक्राला 24 आरे, म्हणजे 15 अंश फिरवलं तरी तसंच.

पेटी शिकतोस ना? बिलावल थाटात, म्हणजे सगळे स्वर शुद्ध असताना, सा रे ग म यांची अंतरं प ध नी सां मध्ये जशीच्या तशी येतात. वाजवून ऐक.

भौतिकशास्त्राची घाई नको. एमी नोथर या गणितज्ञ बाईचं नाव मात्र लिहून ठेव. निसर्गाचे नियम काल, आज, उद्या सारखेच असतात, ही पण सममितीच, आणि म्हणून ऊर्जा टिकते, हे तिच्या 1918 च्या सिद्धान्तातून निघतं. मला अजून शहारा येतो.

रविवारी चौरसाच्या त्या आठ हालचालींच्या जोड्यांचा 8 गुणिले 8 चा तक्ता भरून आण.