मेकॅनिकल करून हिंजवडीत कोडिंग करतोय, तर मी इंजिनिअर की नुसता प्रोग्रामर?

तुम्ही विचारलंय की मेकॅनिकलची पदवी घेऊन हिंजवडीत कोड लिहिताय, तर स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेता येईल का, आणि या दोन जमातींचं एकमेकांशी पटत का नाही. आधी दुसरं घेतो, कारण त्यावर माझं मेव्हण्याशी गेली कित्येक वर्षं भांडण आहे.

मी भोसरीत एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठीची खास यंत्रं, बनवतो, मेव्हणा तुमच्यासारखाच हिंजवडीत. 2012 साली माझ्याकडे 20 टनी हायड्रॉलिक प्रेसची ऑर्डर होती, बुश दाबून बसवायची. गिऱ्हाइकाला दाबाचा आलेख स्क्रीनवर हवा होता, म्हणून याला बोलावलं. आलेख झकास काढला, नाही म्हणणार नाही. मग पॅनल उघडून म्हणाला, "दाजी, एवढी वायरिंग कशाला? लिमिट स्विच पीसीला द्या, बाकीचं मी कोडमध्ये बघतो." मी म्हटलं, दाबणारा दांडा हद्दीला पोचला की प्रवाह तोडणारा लिमिट स्विच थेट सोलेनॉइडच्या (तेलाचा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॉइलच्या) लाइनीत असतो, मधे कुणाची मर्जी नको. "जुनं झालं ते." वायरमनचे दोन दिवस वाचत होते, म्हणून मीही गप्प बसलो.

गुरुवारी शॉपला सुट्टी असताना ट्रायल घेतली. सात-आठ पीस झाले आणि पीसी हँग. पीसीतल्या कार्डाने व्हॉल्व्हला दिलेलं आउटपुट होतं तसं धरून ठेवलं, रॅम, म्हणजे प्रेसचा तो दाबणारा दांडा, खाली येतच राहिला. यंत्र बंद करायची इमर्जन्सी तेवढी मी हट्टाने वायरनेच ठेवली होती, ती मारली. तोवर पीस धरणारं फिक्स्चर वाकलं आणि डायल गेजचा चुरा झाला. कुणाचा हात आत नव्हता. मेव्हणा काय म्हणाला? "रिस्टार्ट केलं की चालेल."

पटत नाही ते इथे. त्याचा बिघाड रिस्टार्टने पुसला जातो, माझा भंगारात वजन करून विकावा लागतो. 'बग' हा शब्दच मला पटत नाही. किडा बाहेरून येतो, चूक आपण करतो.

थेराक-25 नावाचं किरणोपचाराचं यंत्र होतं. 1985 ते 1987 मध्ये अमेरिका आणि कॅनडात निदान सहा रुग्णांना त्यातून भलताच डोस गेला, काही दगावले. सॉफ्टवेअरमधली तसलीच चूक आधीच्या थेराक-20 मध्येही होती, पण तिथे हार्डवेअर इंटरलॉक, म्हणजे कोडला न विचारता यंत्र अडवणारी सोय, होते. फ्यूज उडायचा, माणूस वाचायचा. नव्या यंत्रात ते इंटरलॉक काढून भिस्त कोडवर ठेवली. हे मेव्हण्याला सांगितलं तर तो 1968 च्या नाटो परिषदेचा दाखला देतो, की सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे नाव तिथे मोठमोठ्या लोकांनी घेतलं. घेतलं, पण डिवचण्यासाठी: असं काहीतरी असायला हवं, अजून नाही, म्हणून. बारशाला पैलवान नाव ठेवलं की कुस्ती येते का?

आता तुमचं. पदवीचं सोडा. आपला भाग मेला, वीज गेली, तर पुढे काय होईल, हे कोड लिहायच्या आधी विचारता का? विचारत असाल तर तुम्ही इंजिनिअर, मग टेबलावर लॅपटॉप असो नाहीतर मायक्रोमीटर. पगाराचं विचारू नका, तिथे मेव्हणा जिंकलाय. आणि विमानाचा किंवा पेसमेकरचा कोड लिहिणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही, ते माझ्यापेक्षा कडक असतात.

एक राहिलं. 2016 मध्ये माझ्याच ऑफिसातून जुनं ड्रॉइंग बाहेर गेलं, बोअरला, म्हणजे भोकाला, एच7 या काटेकोर टॉलरन्सच्या जागी ढिला एच11. 140 कास्टिंग भंगारात. फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन 2'. मेव्हण्याकडे प्रत्येक बदल कुणी, कधी, कशासाठी केला याची नोंद असते. त्याला ही चूक दहा मिनिटांत सापडली असती. मी त्याला हे कधी सांगितलेलं नाही. तो इथे असतो, आता वाचेलच.