स्क्रिप्टिंग भाषेत ऐच्छिक स्ट्रिक्ट टाइपिंगसाठी कोणता सिंटॅक्स ठेवावा?

तुम्ही स्वतःची छोटी भाषा लिहिताय आणि विचारताय की स्ट्रिक्टचा (म्हणजे मजकूर, पूर्णांक असे डेटाचे प्रकार कडक तपासायचा) स्विच फाइलच्या पहिल्या ओळीत द्यावा, सुरुवातीच्या टॅगमध्ये, की सर्व्हरच्या सेटिंगमध्ये.

पहिल्या ओळीत. सेटिंगचं तर नावच काढू नका, एकच कोड दोन सर्व्हरवर दोन तऱ्हेने वागला की रात्री फोन आपल्यालाच येतात. फेसबुकच्या हॅक या भाषेत सुरुवातीच्या टॅगनंतर कॉमेंटमध्ये 'स्ट्रिक्ट' लिहायचे. कॉमेंटने कोडचं वागणं बदलायचं? नाही पटत.

पण खरा घोळ सिंटॅक्सचा नाहीच. पीएचपी या वेबसाठीच्या भाषेच्या 7.0 मध्ये (2015) 'डिक्लेअर(स्ट्रिक्ट_टाइप्स=1)' आलं. त्या फाइलमधून केलेल्या कॉलचे आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला बोलावताना दिलेल्या किमती, त्याने कडक तपासले जातात. त्या फाइलमधल्या फंक्शनला बाहेरून कोणी काय पाठवतो, त्याच्याशी त्या ओळीचं देणंघेणं नाही. जुन्या कोडने नवी लायब्ररी वापरली तर तो मोडू नये म्हणून हे मुद्दाम असं ठेवलंय.

हेच मी आमच्या सीनियरना सांगत होतो. नागपूरच्या कळमना मार्केटच्या एका अडतियाचं बिलिंग आमच्याकडे होतं, पीएचपी 7 वर. सीनियरनी हिशेबाच्या फाइलवर ती ओळ टाकली आणि जाहीर केलं, "आता सगळं स्ट्रिक्ट." काट्यावरून वजन यायचं मजकूर म्हणून, "18.750". कॉल करणारी फाइल जुनी, तिच्यात ती ओळ नाही. फंक्शनला हवा इंट, म्हणजे पूर्णांक. झालं, 18! ना एरर, ना वॉर्निंग. शेतकरी पावती घेऊन उभा, "माही पाऊण क्विंटल तूर तुमच्या कम्प्युटरनं खाल्ली काय जी?"

मी कॉलरच्या, म्हणजे कॉल करणाऱ्या त्या जुन्या फाइलवर ती ओळ टाकली. लगेच टाइपएरर (प्रकार चुकल्याची एरर), पावत्या बंद. वजन फ्लोट (दशांश) केलं आणि काट्याचा मजकूर तिथंच रीतसर बदलून घेतला, तेव्हा 18.75 छापलं. ऑफिसात मात्र गवगवा हा की ऐन सीझनमध्ये मी बिलिंग पाडलं. पाडलं नाही बे, चोरी पकडली!

तर तुमच्या भाषेत फंक्शन लिहिणाऱ्यालाही 'मला कडकच हवं' म्हणता आलं पाहिजे. नुसती फाइलची ओळ दिली तर वाचणारा आमच्या सीनियरसारखाच अर्थ काढणार. आणि ते =1 कशाला? 0 आणि 1 सोडून तिसरं काही चालतच नाही.

हां, माझा अनुभव पीएचपीचाच आहे. पायथन टाइप लिहू देतो पण चालताना तपासत नाही, तुम्हाला तसं हवं असेल तर हे सगळं सोडा. शिवाय अ‍ॅरे_मॅपसारखं भाषेच्या आतलं फंक्शन तुमच्या कॉलबॅकला (त्याला दिलेल्या तुमच्या फंक्शनला) बोलावतं तेव्हा पीएचपीत स्ट्रिक्ट लागू होत नाही, त्याचंही आधीच ठरवा.

एरर मेसेजमध्ये कॉल कुठून झाला ती फाइल आणि ओळ नक्की छापा. पीएचपी छापतं. आमच्या सीनियरनी तो मेसेज वाचायच्या आधीच मला फोन लावला होता.